डेन्मार्कची पाहुणी

हे विश्वंभरा, प्राणिमात्राच्या घशाला तहानही तूच दिलीस आणि ओलावाही तूच दिलास. तुझ्या चरणी मस्तक ठेवतो, श्रोत्यांना हात जोडतो आणि बोलायला लागतो. कमी-जास्त निघालं तोंडून, तर पोटात घाला.

…आणि वर पबमधली ती काउंटरमागची बाई मलाच शिकवते, ‘आजोबा, ही इटलीची लागर, ही स्पेनची, आणि ही मेक्सिकोची, हिच्यात लिंबाची फोड खोचायची आणि बाटलीतूनच प्यायची!’ बाटलीतून! ग्लास धुवायचा कंटाळा आला म्हणून सांग की गं सरळ! अहो, अकरा नळ, अकरा देश, अकरा झेंडे, आणि निम्म्या पिंपांवर बारीक अक्षरांत वाचावं तर पत्ता इंग्लंडचाच! तुम्हाला सांगतो, मी त्या क्रॅडली हीथ गावात चौतीस वर्षं काढली, जहाजांच्या साखळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या गोदामात काम केलं, आणि माझ्या ओठांना लागलेलं सगळ्यांत जहाल पेय म्हणजे आल्याचं सरबत, हे माझा देव जाणतो. पण पिणाऱ्यांच्या गावात न पिणाऱ्याला एक मान असतो. पबमध्ये नेमकं काय घडलं, हे दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगू शकणारा तोच एकटा उरतो! म्हणून सांगतो, ऐका. ही परदेशी पाहुणी त्या गावात कशी शिरली, कुणी तिला आत घेतलं, आणि त्यापायी जोसाया ट्रँटरचं काय झालं.

जोसाया ट्रँटर म्हणजे ‘चेनमेकर्स रेस्ट’ या पबचा चालक. इमारत बिअर कंपनीची, पब चालवायचा जोसायानं, त्याच्या आधी त्याच्या वडिलांनी. वय एकसष्ट, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. आणि त्याचं तळघर… काय सांगू तुम्हाला! तळघर कसलं, देवघर होतं ते. आपण पहाटे उठून देवाला जागं करतो ना, तसा हा माणूस पहाटे साडेपाचला हातात दिवा घेऊन खाली उतरायचा. खाली त्याची माइल्ड असायची. माइल्ड म्हणजे काळीसावळी, मऊ, न फेसाळणारी, न भांडणारी बिअर. भट्टीपुढे आठ तास घाम गाळलेल्या माणसानं घोट घोट प्यावी अशी. ती पिंपात जिवंत असते, बरं का! तिला हलवायचं नाही, दचकवायचं नाही, तीन दिवस निजू द्यायची, मग लाकडाची खुंटी हळूच सैल करायची, कान लावून तिचा श्वास ऐकायचा… मी एकदा विचारलं, ‘जोसाया, काय म्हणते?’ तर ओठांवर बोट ठेवून म्हणाला, ‘हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा.’

आता अशा घरात सवत आणून बसवली तर काय होईल?

तशी लागर, म्हणजे ही पिवळी, फेसाळ, गार करून प्यायची बिअर, त्या देशाला अगदीच अनोळखी नव्हती. जोसायाच्या वडिलांच्या काळीसुद्धा जर्मनीच्या, डेन्मार्कच्या बाटल्या बोटीतून यायच्या. मोठ्या हॉटेलांत बसणारे साहेब त्या प्यायचे. वडिलांनी अशा सहा बाटल्या घेतल्या होत्या, एका परदेशी इंजिनियरसाठी. तो दोन पिऊन मायदेशी गेला, उरलेल्या चारांवर धूळ बसली. पुढे ती धूळ पुसून, हिरवं लिंबाचं सरबत घालून, लग्नाकार्यात बायकांना द्यायची पद्धत पडली. म्हणजे पुरुषानं लागर मागणं हे मिशीला रिबन बांधण्यासारखंच! एकदा एका फिरत्या विक्रेत्यानं येऊन मागितली, तर सगळी खोली असा आवाज गिळून बसली की बिचाऱ्यानं ती न पिताच टोपी उचलली.

आणि पिण्याची रीत तरी कशी? तुम्हाला सांगतो, तिथं आपला ग्लास आपण घ्यायचा नसतो. टेबलावर सात जण असतील तर एकानं उठून सातांसाठी आणायचं; ते संपलं की दुसऱ्यानं उठायचं. पाळी! एकादशी एखादवेळ चुकेल, पाळी चुकायची नाही. आणि उठणारा बाकीच्यांना फक्त एकच शब्द विचारणार, ‘तेच?’ आणि बाकीचे एकच शब्द सांगणार, ‘तेच!’ झालं! तिसरा शब्द नाही. वेगळं काही मागायचं म्हणजे मित्राच्या पाळीत खोड काढायची! त्या जोसायाच्या साध्या खोलीत, जिथं कामाच्या कपड्यांत बसायची मुभा होती, तिथं ईनॉक पार्जेटर नावाचा साखळीकार आणि त्याचे सहा सोबती गेली सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी डॉमिनो मांडून बसत. सव्वीस वर्षं! ‘तेच?’ ‘तेच!’ आपल्या भजनात टाळ पडतो, तसं.

तर शहात्तर साली, ईस्टर झाल्यावर, कंपनीचे एक साहेब आले. नाव डेलाफील्ड. बूट असे चकचकीत की त्यांत छत दिसावं. त्यांनी काउंटरवर एक नळ बसवला. नळ कसला, आत दिवा! पेटवला की निळा उजेड, त्यात एक शिडाचं जहाज आणि नाव, ‘रोलँडसेन, डेन्मार्कची अस्सल लागर’. जोसाया बघतच राहिला.

‘साहेब, पिंप खाली ठेवलं, आता किती दिवस निजू देऊ?’

‘निजू? मिस्टर ट्रँटर, ही निजत नाही. ही मेलेली आहे. म्हणजे… निर्जंतुक आहे. नळी जोडा, थंड करा, विका.’

‘खुंटी?’

‘खुंटी नको!’ साहेब ओरडलेच. कारण आदल्या आठवड्यात पलीकडच्या पबवाल्यानं सवयीनं हिच्या पिंपावर हातोडी मारली होती. आतला वायू असा सुटला की छताला डेन्मार्कचा अभिषेक झाला आणि बिचाऱ्याची भुवई गेली.

ईनॉकनं टेबलावरून विचारलं, ‘साहेब, डेन्मार्कहून आली म्हणता, मग हे पिंप उतरवणारा आमचा बर्ट तर म्हणत होता, पलीकडच्या गावातल्या तुमच्याच कारखान्यातून उचललं!’

साहेब हसून म्हणाले, ‘कृती डेन्मार्कची आहे.’

‘आणि पाणी?’

‘पाणी… आपलं.’

‘मग आमची बायको विनी पण पॅरिसची, साहेब! तिची टोपी तिकडची आहे!’ खोली हसली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी जोसायाला बाजूला घेऊन सांगितलं, तळघरात जागा तिघींची. बिटर, ती कडवट बिअर, राहणार, ती कंपनीचं नाक आहे. उरल्या माइल्ड आणि लागर. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी येतो, दोघींची पिंपं मोजतो; जी कमी खपली, तिचा पंप त्याच दुपारी काढायचा. माइल्डही कमी खपली तर काढायची. नियम नियम आहे.

जोसायाचा हात काउंटरवरच्या माइल्डच्या हातपंपाकडं गेला. वडिलांनी घासून घासून गुळगुळीत केलेला तो पंपाचा दांडा! पण त्यानं टेबलाकडं पाहिलं. ईनॉक उठला होता. ‘तेच?’ ‘तेच!’ आणि जोसायाला धीर आला. ही माणसं असताना कसली भीती?

…आणि मग तो उन्हाळा आला हो!

तुम्ही म्हणाल, विलायतेचा उन्हाळा तो काय असणार! अहो, मी विदर्भात वाढलेला माणूस, मीसुद्धा बनियनवर बसलो! आठवडेच्या आठवडे थेंब नाही. गवत काथ्यासारखं. काळ्या ठिपक्यांचे लाल किडे इतके, की ग्लासावर हात ठेवून प्यावं लागे. बागेला नळाचं पाणी घालायला बंदी; भांडी धुतलेलं पाणी तांब्यात भरून लोक आपापल्या भाजीच्या तुकड्यावर नेत. आणि जोसायाचं तळघर तापलं. माइल्ड तापाला आलेल्या लेकरासारखी अस्वस्थ झाली. हा माणूस दिवसातून पाच वेळा ओली पोती बदलायचा, पिंपाच्या अंगावर पांघरायचा, पुन्हा कान लावायचा. तिला त्यानं आंबू दिलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण कोमट व्हायची ती झालीच. आणि वर काउंटरवर ती डेन्मार्कची बया निळ्या दिव्यात, अंगावर दवाचे थेंब मिरवत उभी! गार! नळाच्या मानेवर बर्फ!

आता टेबलाकडे बघा. बाराशे अंशांच्या भट्टीपुढून उठून आलेली सात माणसं. सातांची नजर नळाकडे. ईनॉक उठतो. मनात काय आहे? गार. शेजारी बसलेल्या नोआच्या मनात काय आहे? गार. बाकीच्या पाचांच्या? गारच! पण पहिला शब्द कोण काढणार? जोसायाच्या माइल्डचा घात करणारा, मिशीला रिबन बांधणारा पहिला कोण? ईनॉक विचारतो, ‘तेच?’ सहा जण एक क्षण थांबतात… एकच क्षण, तुम्हाला सांगतो, पण त्या एका क्षणात मला प्रत्येकाचं अंतःकरण काचेसारखं दिसलं… आणि म्हणतात, ‘तेच!’ आणि कोमट माइल्ड औषधासारखी पितात.

पूर्वी चार फेऱ्या व्हायच्या, आता दोनवर उठायला लागले. ‘ऊन फार आहे, मालक.’ ‘बागेत जायचंय, मालक.’ जोसायाला वाटे, आपलंच काही चुकतंय. तो आणखी दोन पोती ओली करी.

आणि इथं ती खिडकी येते.

तिथल्या पबला बाजूच्या बोळात एक छोटी खिडकी असते. आत न येता, घरून जग, म्हणजे कानाचं मोठं भांडं, आणायचा, भरून घ्यायचा आणि निघायचं. पूर्वी बायका यायच्या तिथं. आणि त्या खिडकीची एक मर्यादा असते: तिथं झालेलं बोलणं आत काढायचं नाही. कुणी काय नेलं, किती नेलं, चालकानं ते पोटात ठेवायचं. जोसाया ही मर्यादा देवळाच्या उंबऱ्यासारखी पाळायचा.

जुलैच्या पहिल्या सोमवारी खिडकीवर टकटक. बघतो तर ईनॉक! हातात केवढा तो जग, चांगले चार मोठे ग्लास मावतील एवढा.

‘ते… दिव्याचं दे रे,’ ईनॉक कुजबुजला.

‘लागर?’

‘माझ्यासाठी नाही! विनीसाठी. उन्हानं तिचं डोकं चढतं.’

‘अरेरे! लिंबाचं सरबत घालू?’

‘घा… नको. साधीच आवडते तिला.’

जोसायाला वाईट वाटलं. बिचारी विनी! भरून दिली. ईनॉकची पावलं वाजत गेली, तोच पुन्हा टकटक. नोआ! ‘बायकोचे पाय सुजलेत, मालक. डॉक्टरनंच गार काहीतरी सांगितलंय.’ मग त्याच टेबलाचा होरेस. त्याच्या बायकोला झोप लागत नव्हती. महिनाभरात तुम्हाला सांगतो, त्या सातांच्याच नव्हे, खोलीतल्या एकूण एक टेबलाच्या बायका आजारी! एकीला चक्कर, एकीला पित्त, एकीच्या तर नुसत्या कानात भोंगा वाजायचा आणि तो गार बिअरनंच थांबायचा! मी एकदा बोळात माझं सरबत घेऊन उभा होतो, तर दहा पावलांच्या अंतरानं पाच माणसं उभी. प्रत्येक जण आभाळाकडं बघतोय, आणि प्रत्येकाच्या कोटाखाली जगाचा कान वर आलेला! ऐन उन्हात कोट! आणि संध्याकाळी तीच माणसं टेबलावर, ‘तेच?’ ‘तेच!’

जोसाया माणूस भाबडा. रात्री देवाची प्रार्थना करताना तो गावातल्या बायकांची नावं घेई, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. मी काय बोलणार? मलाही बोळात दिसलेलं ते खिडकीचंच! मी सरबत प्यालो आणि गप्प बसलो. त्याचं पाप माझ्या माथी असेल तर पांडुरंग बघून घेईल.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार उजाडला. भर दुपार, खोली खचाखच. लाउंजमध्ये, म्हणजे पलीकडच्या गालिच्याच्या खोलीत, बायका, चर्चची वस्तुविक्री आटोपून टोप्या घालून आलेल्या. डेलाफील्ड साहेब वही घेऊन तळघरात उतरले. सात जण डॉमिनो न मांडता बसले. जोसाया त्या गुळगुळीत दांड्यावर हात ठेवून उभा. जणू कुणी ओढून नेणार आहे आणि आपण धरून ठेवलं तर राहील.

साहेब वर आले. ‘मिस्टर ट्रँटर, लागर सव्वीस पिंपं. माइल्ड एकोणीस.’

जोसायानं दांड्यावरचा हात काढला नाही, फक्त खाली बघितलं.

ईनॉक मुठी आवळून उठला. ‘अशक्य! या खोलीत एका माणसानं तिला तोंड लावलेलं नाही! लावलंय का कुणी? नोआ?’

‘छे!’

‘होरेस?’

‘देवाशपथ नाही!’

‘मग प्यालं कोण एवढं?’

जोसाया बोलला नाही. खिडकीची मर्यादा. पण साहेबांना कसली मर्यादा! त्यांनी वही उघडून आनंदानं वाचलं, ‘गल्ल्याची नोंद सांगते, बहुतेक खप बाजूच्या खिडकीतून, जगांमधून. आणि खिडकी तर बायकांचीच, म्हणजे गावातल्या स्त्रियांमध्ये विलक्षण लोकप्रिय! मी तर मुख्य कचेरीला कळवलंय, जाहिरातीत बाईचाच फोटो घ्या.’

‘कुठल्या बाईचा?’

आवाज लाउंजच्या दारातून आला. विनी पार्जेटर उभी होती, अंगानं आडवी, आवाजानं उभी, टोपीवर चेरी हलत होत्या. तिच्यामागं आणखी टोप्या.

जोसायानं आदरानं विचारलं, ‘आता डोकं कसं आहे, विनीबाई?’

‘माझ्या डोक्याला काय झालंय?’

‘चढतं ना… उन्हानं. म्हणून ईनॉक रोज जगभर…’ आणि जोसाया थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून खिडकी निसटली होती.

विनीनं नवऱ्याकडं बघितलं, मग हळूच विचारलं, ‘ईनॉक पार्जेटर, तो पांढरा जग?’

‘अगं…’

‘भांड्यांचं पाणी शेंगांना घालून येतो म्हणून रोज सहाला नेत होतास तो?’

‘अगं, ऐक…’

‘तरीच शेंगा वाळून कोळसा झाल्या! मी म्हटलं, हा माणूस रोज एवढं पाणी घालतो आणि एक शेंग धरत नाही! मी भांडी घासलेलं पाणी जपून ठेवायचे, रे! मोरीत ओततोस होय तू ते?’

‘बोळातल्या गटारात,’ ईनॉक प्रामाणिकपणे म्हणाला.

मागून नोआची बायको ओरडली, ‘आमच्या डेलियांचं पण तेच झालं!’ आणि दुसरी, ‘आमच्या कोबीचं पण!’ सबंध गावाच्या बागा त्या उन्हाळ्यात का जळल्या, याचा उलगडा त्या पाच मिनिटांत झाला, आणि सरकार उगाच पावसाला दोष देत बसलं!

विनी काउंटरशी आली. ‘जोसाया, नीट ऐक. एकविसाव्या वर्षापासून दर शनिवारी मी तुझ्या माइल्डचा अर्धा ग्लास पिते. आधी तुझ्या बाबांच्या हातची, मग तुझ्या. ही दिव्याची बाई माझ्या ओठांना लागलेली नाही. माझ्या नावानं तुझी माइल्ड बुडाली, आणि मी तीच पीत होते!’ मग साहेबांकडं वळली. ‘आमचा खप धरा आणि पुन्हा मोजा.’

‘मॅडम, तो धरूनच एकोणीस आहे.’

विनीनं हातमोजे काढले. ‘खाली किती उरलीय, जोसाया?’

‘पाव पिंप.’

‘आणि पंप कितीला काढणार?’

‘अडीचला,’ साहेब म्हणाले.

‘मग अडीचपर्यंत पाळी या सातांची. प्यायचं आम्ही, आणायचं यांनी. उठ, ईनॉक!’

आणि ते दृश्य मी पाहिलं, हे माझं भाग्य! सव्वीस वर्षं एकमेकांना विचारणारी ती माणसं टोप्या काढून लाउंजच्या दारात उभी राहायची, खाली मान घालून विचारायची, ‘तेच?’ आणि आतून टोप्यांचा एकच स्वर, ‘तेच!’ जोसाया दांडा ओढत होता, हळू, न दचकवता. शेवटचा अर्धा ग्लास विनीच्या हातात दिला तेव्हा पंपातून नुसता श्वास आला. त्यानं या वेळी कान लावला नाही. गरज नव्हती.

साहेबांनी पाना काढला. चार मळसूत्रं. दांडा निघाला, काउंटरवर चार भोकं उरली. विनीनं तो दांडा साहेबांच्या हातातून काढून जोसायाकडे दिला, आणि साहेबांनी तो देऊ दिला, एवढी त्यांना अक्कल होती.

नंतर? नंतर खोलीत सगळे घसा खाकरत बसले. चोरी उघडी पडल्यावर चोरांना केवढी मोकळीक वाटते, तुम्हाला काय सांगू! नोआनंच शेवटी काउंटरशी जाऊन मोठ्या आवाजात, लग्नात अक्षता टाकाव्यात तसं, म्हटलं, ‘सात लागर.’ आभाळ कोसळलं नाही. मिशांना रिबनी बांधल्या गेल्या नाहीत. ग्लास गार होते, माणसं पीत होती, आणि कोट मात्र अखेर काढले गेले.

ईनॉक आला. डोळे वर होत नव्हते. ‘मालक,’ तो म्हणाला, ‘माझ्या पाळीत तुझाही एक असतो नेहमी. काय घेणार?’

जोसायानं मागं पाहिलं. बिटर गुरुवारीच उन्हानं आंबली होती. माइल्ड संपली होती. उरलं एकच. त्यानं, ज्यानं चार महिने ती दुसऱ्यांना भरून दिली आणि एकदाही चाखली नव्हती, त्यानं स्वतःसाठी ग्लास भरला. सगळी खोली, सगळं लाउंज, डेलाफील्ड साहेबसुद्धा त्याच्या गळ्याकडं बघत होते. अर्धा ग्लास गेला. मिशी पुसली. छताकडं पाहिलं. कुणीतरी विचारलं, ‘कशी आहे, मालक?’

आता तुम्हीच सांगा, माणसानं अशा वेळी तिला शिव्या द्याव्यात की नाही? सगळ्यांना तीच आशा होती. विनीला होती, मला होती, मला तर तिची चवही ठाऊक नाही! पण जोसाया ट्रँटरला खोटं बोलता येत नव्हतं, हाच त्याचा आयुष्यभराचा दोष. त्यानं उरलेला अर्धा संपवला, रिकामा ग्लास हलकेच खाली ठेवला, आणि सुस्कारा सोडून म्हणाला,

‘वाईट एवढंच आहे रे ईनॉक… की बरी आहे.’

तर माय-बाप हो, ज्याच्या त्याच्या आवडीचा घोट ज्याच्या त्याच्या घरी टिको. कुणाच्या दारचा वेल वाळू नये, कुणाच्या घरचा माणूस चोरून तहानेला राहू नये, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या उंबऱ्याआत तो विश्वंभर सदैव गारवा धरो. शुभं भवतु.